दुकान काढा, पण कुणाच्या पोटासाठी ते आधी ठरवा

सामुदायिक सायकल कार्यशाळा चालवणाऱ्या सहकारी संस्थांच्या सभेत एक विषय कधी ना कधी येतोच. जागेचं भाडं वाढलेलं असतं, अनुदान लांबलेलं असतं, जुन्या सायकलींचा ढीग छताला टेकलेला असतो, आणि कुणीतरी म्हणतं, ‘आपण रीतसर दुकानच का काढू नये? नव्या सायकली विकू, पैसे घेऊन दुरुस्ती करू आणि त्या नफ्यावर कार्यशाळा चालवू.’ ऐकायला हे इतकं सरळ वाटतं की विरोध करणारा माणूस व्यवहारशून्य ठरतो. मी अशा कार्यशाळेत बरीच वर्षं हातात पाना धरला आहे आणि माझा या बेताला विरोध आहे. दुकान वाईट असतं म्हणून नाही. ज्या कारणासाठी ते काढायचं म्हणतात, ते कारण मला पटत नाही.

ज्यांनी अशी जागा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भिंतीवर हत्यारं टांगलेली असतात आणि प्रत्येकाच्या मागे त्याच्या आकाराची रेघ रंगवलेली असते, म्हणजे काय जागेवर परत आलं नाही ते लांबूनच कळावं. मधोमध चार-सहा स्टँड. सभासद आपली सायकल आणतो, स्टँडला लावतो आणि स्वतः दुरुस्त करतो. शेजारी एक जाणकार स्वयंसेवक उभा असतो. लोकांनी देऊन टाकलेल्या सायकली मागच्या बाजूला येऊन पडतात. त्यातल्या काही नीट करून स्वस्तात विकल्या जातात, काही मुलांना कामाच्या तासांच्या बदल्यात मिळतात आणि उरलेल्या मोडून त्यांचे भाग डब्यांमध्ये जातात. लॉस एंजेलिसमध्ये २००२ साली अशी एक कार्यशाळा चक्क एका स्वयंपाकघरात सुरू झाली, म्हणून तिचं नाव ‘बायसिकल किचन’ पडलं. आज जगात कितीतरी ठिकाणी अशा जागांना ‘बाइक किचन’ म्हणतात. बोस्टनची ‘बाइक्स नॉट बॉम्ब्स’ १९८४ मध्ये निकाराग्वाला सायकली पाठवण्यासाठी उभी राहिली आणि पुढे मुलांना दुरुस्ती शिकवू लागली. फ्रान्समध्ये तर अशा कार्यशाळांचं देशभराचं जाळं आहे. सगळीकडे पद्धत थोडीफार वेगळी, पण एक नियम बहुतेक ठिकाणी सारखा: शिकणाऱ्याच्या हातातलं हत्यार काढून घ्यायचं नाही.

हा नियम पाळणं किती जड जातं, ते सांगतो. एकदा एक बाई डावं पेडल बदलायला आल्या. पंधराचा पाना लावला, जोर केला, पेडल हलेना. आणखी जोर केला. मी हात पाठीमागे बांधून उभा होतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाय मारता मारता पेडल आपोआप सुटून येऊ नये म्हणून ते तसे कापलेले असतात. बाई ज्या बाजूला जोर करत होत्या त्या बाजूला ते आणखी घट्ट बसत होतं. मी एवढंच म्हणालो, ‘उजवं पेडल आधी सोडून बघा.’ ते सुटलं. मग त्या खाली बसल्या, दोन्ही बाजूंचे आटे निरखत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘अहो, हे उलटं तर नाही ना?’ थोडं तेल सोडलं, लांब दांड्याचा पाना घेतला, पेडल करकरलं आणि निघालं. यात पाऊण तास गेला. काही महिन्यांनी त्याच बाई दुसऱ्या स्टँडवर एका मुलाला उलट्या आट्यांबद्दल सांगताना दिसल्या.

दुकानातला मेकॅनिक हे काम अर्ध्या मिनिटात करतो, आणि त्यानं तसंच करायला हवं. गिऱ्हाईक त्याच्या वेगाचे पैसे देत असतं. कार्यशाळेत मात्र तो पाऊण तासच तर आम्ही लोकांना देत असतो. तो वाचवला तर देण्यासारखं काही उरतच नाही. एकाच छपराखाली, एकाच स्टँडवर, एकाच माणसाकडून या दोन्ही घड्याळांप्रमाणे चालण्याची अपेक्षा केली की काय होतं ते मी पाहिलं आहे. बाहेर तीन गिऱ्हाइकं ताटकळत असतात, आत एक मुलगा चाकाचा आउट, म्हणजे फिरताना होणारं डोलणं, काढत बसलेला असतो. एक स्पोक आवळतो, दुसरा ढिला करतो, रिम पुन्हा दुसरीकडे सरकते. स्वयंसेवक दोन वेळा घड्याळाकडे बघतो आणि तिसऱ्या वेळी म्हणतो, ‘दे इकडे, मी करतो.’ कुणाचाही हेतू वाईट नसतो. पण त्या दिवशी तो मुलगा शिकायचा राहतो.

आता पैशाचं बोलू. ‘दुकानाच्या नफ्यावर कार्यशाळा’ या वाक्यातला नफा कुठून येणार, हे कागदावर मांडून पाहिलेल्या संस्था मला फारशा भेटलेल्या नाहीत. सायकलच्या धंद्यात नव्या सायकलीवर सुटणारा पैसा हा सुट्या भागांवर, सामानावर आणि दुरुस्तीवर सुटणाऱ्या पैशापेक्षा प्रमाणाने कमी असतो. तरी भांडवल सगळ्यात जास्त अडकतं ते नव्या सायकलींमध्येच. एका मॉडेलच्या चार मापांच्या सायकली ठेवाव्या लागतात. हंगाम गेला की त्यावर सूट द्यावी लागते, आणि पुढच्या वर्षीचं मॉडेल आलं की उरलेला माल जुना ठरतो. कार्यशाळा आडरस्त्याला, गोदामाच्या मागे चालते. दुकानाला रस्त्यावरची जागा लागते आणि तिचं भाडं वेगळं. बहुतेक घाऊक पुरवठादारांना खातं उघडण्याआधी रीतसर दुकान, ठरलेल्या वेळा आणि वर्षभराच्या खरेदीची खात्री हवी असते. विजेच्या सायकली ठेवायच्या तर लिथियम बॅटरीची साठवण आणि विमा हा आणखी एक प्रश्न, आणि त्या ठेवल्या नाहीत तर गिऱ्हाईक दारातूनच परत जातं.

२०२० नंतरची चार वर्षं आठवा. टाळेबंदीत सायकलींना अशी मागणी आली की दुकानं रिकामी झाली. सगळ्यांनी भरभरून ऑर्डरी दिल्या. तो माल पोचेपर्यंत मागणी ओसरली होती. गोदामं भरली, किमती पडल्या, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात विगल हा ब्रिटनमधला ऑनलाइन सायकलविक्रीतला मोठा व्यापारी दिवाळखोर होऊन प्रशासकांच्या ताब्यात गेला. ज्यांच्याकडे खरेदीसाठी तज्ज्ञ माणसं होती, बँका होत्या, वर्षानुवर्षांचे विक्रीचे आकडे होते, त्यांचा अंदाज असा चुकला. आठवड्यातून तीन संध्याकाळी उघडणाऱ्या संस्थेनं त्याच बाजारात उतरून स्वतःपुरतं कमवावं, आणि वर आणखी एका संस्थेला पोसावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. चांगलं चाललेलं छोटं दुकान दोन-तीन माणसांचे पगार काढतं. वाईट वर्षी तेवढंही काढत नाही. मग तूट भरायला पैसा कुठून येतो? कार्यशाळेच्याच खात्यातून. जिला वाचवायला दुकान काढलं, तीच दुकानाला वाचवू लागते.

पण पैशापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती सायकली वेगळ्या करण्याच्या टेबलाची. देणगीत आलेल्या सायकली तिथे तपासल्या जातात. चिमटा वाकलेला आहे का, फ्रेमला तडा आहे का, चाक सुधारता येईल का. तिथे उभं राहणाऱ्या माणसाला रोज निवड करावी लागते: ही नीट करायची, ही मोडायची, ही मुलांच्या वर्गाला द्यायची. आता त्याच टेबलामागे दुकानाची भिंत उभी करा. एखाद्या दिवशी चाळीसेक वर्षांपूर्वीची हलकी पोलादी फ्रेम येते, सांध्यांवर नाजूक कारागिरी, रंग जवळजवळ शाबूत. कालपर्यंत ती वर्गातल्या सगळ्यात मन लावून काम करणाऱ्या मुलीला मिळाली असती. आज ती काचेमागे गेली तर महिन्याच्या भाड्याचा मोठा वाटा निघतो. पहिल्या वेळी सगळे अर्धा तास वाद घालतात. दहाव्या वेळी कुणी विचारतही नाही. चांगली फ्रेम आपोआप भिंतीपलीकडे जाते आणि मुलांच्या वाट्याला जड, स्वस्त सायकली उरतात, ज्यांच्या ब्रेकच्या पत्र्याच्या बाह्या कितीही जुळवल्या तरी जुळत नाहीत. अशा सायकलीवर शिकणाऱ्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही.

डब्यांमधल्या भागांचंही तेच. कार्यशाळेत येणाऱ्या सायकली नाना वयाच्या असतात. रस्त्यावरच्या गिअरवाल्या सायकलीचं टायर रिमच्या ६२२ मिलिमीटर व्यासावर बसतं, जुन्या माउंटन बाइकचं ५५९ वर, त्याहून जुन्या तीन गिअरवाल्या सायकलीचं ५९० वर. ५९० चं टायर, कोटर पिन (जुन्या सायकलीत पेडलचा दांडा घट्ट बसवणारी खीळ), जुन्या फ्रीव्हीलचं हत्यार या गोष्टी महिन्यातून एकदा लागतात, पण ज्याला लागतात त्याची रोजची सायकल त्यावर अडलेली असते. दुकानात शेल्फची प्रत्येक वीत हिशेब मागते. महिन्यातून एकदा विकला जाणारा माल तिथून आधी हलतो, आणि त्याच्याबरोबर तो माणूसही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे, आणि तो मी टाळणार नाही. सहकाराची सुरुवातच मुळी दुकानातून झाली ना? १८४४ च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या रॉचडेलला २८ जणांनी २८ पौंडांच्या भांडवलावर दुकान उघडलं. बाजारभावानं विकायचं, उधारी द्यायची नाही, उरलेली शिल्लक सभासदांना खरेदीच्या प्रमाणात परत करायची, असे त्यांचे नियम. पुढे त्यांनी शिल्लकीचे अडीच टक्के शिक्षणासाठी वेगळे काढले, वाचनालय चालवलं. म्हणजे दुकानाच्या पैशावर शिक्षण हे सहकाराच्या जन्मगावीच घडलेलं आहे. खरं आहे. पण रॉचडेलच्या गल्ल्यासमोर कोण उभं होतं ते बघा. पीठ आणि साखर विकत घेणारे तेच त्या दुकानाचे मालक होते. रोजची गरज त्यांची, दुकान त्यांचं, शिल्लक त्यांची. नव्या सायकलींचं दुकान काढणारी कार्यशाळा मात्र विकायला निघते ती अनोळखी गिऱ्हाइकाला, ज्याला सभासदत्वाशी देणंघेणं नाही आणि जो उद्या दुसरीकडे चार पैसे कमी दिसले तर तिकडे जाईल.

रॉचडेलपासून घ्यायचं असेल तर सुट्या भागांचं काउंटर घ्यावं. ट्यूब, पंक्चरचे पॅच, ब्रेक पॅड, गिअरच्या वायरी, चेन. सभासद स्टँडवर काम करतो, चेन मोजून बघतो, ती ताणली गेलेली निघाली तर तिथेच नवी घेतो. विकणारा आणि घेणारा एकाच संस्थेचे. माल थोडा, शिळा न होणारा, आणि त्यात अडकणारं भांडवल झेपण्याजोगं. हे काउंटर बहुतेक कार्यशाळांमध्ये एखाद्या लाकडी कपाटाच्या रूपात आधीपासूनच असतं. फक्त त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. कुणी माझा सल्ला विचारला तर मी म्हणेन, नव्या दुकानाची चर्चा करण्याआधी वर्षभर त्या कपाटाची वही नीट लिहा. कितीतरी संस्थांचा भाड्याचा खड्डा त्या वहीतच बराचसा भरून निघेल, असा माझा अंदाज आहे.

बोस्टनच्या संस्थेनं दुकान चालवून कार्यक्रमांना हातभार लावला, असं कुणी म्हणेल. तिथेही दुकानाचा मोठा आधार लोकांनी दिलेल्या आणि नीट केलेल्या सायकली हाच होता. नव्या मालाच्या दुकानाचा धोका वेगळा, आणि हा फरक कायद्यालाही दिसतो. अमेरिकेत १९४७ साली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या कायदा शाखेच्या फायद्यासाठी मॅकरोनी बनवणारी एक कंपनी विकत घेतली गेली, आणि नफा शिक्षणाला जातो म्हणून त्यावर कर नको, असा दावा झाला. मग कर भरणाऱ्या इतर मॅकरोनीवाल्यांनी काय करायचं? १९५० मध्ये तिथे कायदा झाला की धर्मादाय संस्थेनं आपल्या उद्देशाशी संबंध नसलेला धंदा नियमितपणे चालवला तर त्या उत्पन्नावर कर लागेल. त्याला अपवाद ठेवले. जवळजवळ सगळं काम बिनपगारी माणसं करत असतील तर कर नाही. विकलेला माल बहुतांश देणगीत आलेला असेल तरीही नाही. स्वयंसेवकांनी नीट केलेल्या देणगीच्या सायकली विकणारी कार्यशाळा या अपवादांमध्ये अलगद बसते. पगारी माणसांनी नव्या सायकली विकणारं दुकान यातल्या एकातही बसत नाही. देशोदेशीचे नियम वेगळे आहेत, पण त्या कायदा करणाऱ्यांनी पकडलेलं सूत्र मला सगळीकडे खरं वाटतं: फुकट दिलेली वस्तू आणि फुकट दिलेला वेळ यांची जात वेगळी आहे, ती बाजाराच्या मालात मिसळून चालत नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी धंद्यात स्वयंसेवक म्हणून बिनपगारी राबवून घ्यायला अमेरिकेतला कामगार कायदाही परवानगी देत नाही. मला तो नियम स्वयंसेवकाच्या बाजूचा वाटतो. संध्याकाळी दोन तास द्यायला येणाऱ्या माणसाला हे स्पष्ट माहीत असायला हवं की त्याच्या हातची सायकल कुठे जाणार आहे.

मग दुकान काढायचंच नाही का? काढा. मी वर म्हटलं तसं माझा झगडा कारणाशी आहे. कार्यशाळेत एक-दोन माणसं अशी असतात ज्यांच्यावर सगळं चालतं. ती अर्धवेळ पगारावर असतात, किंवा नावापुरत्या मानधनावर. हब उघडून छर्रे बदलणं असो, अडकलेली सीट-पोस्ट काढणं असो, सगळे त्यांच्याकडे बघतात. पाच-सहा वर्षांनी त्यांची गुडघेदुखी सुरू होते, घरचा खर्च वाढतो आणि ती दुसरीकडे नोकरी धरतात. कार्यशाळा भाड्यानं बुडताना मी कमी पाहिली आहे. माणूस गेल्यावर बसलेल्या मात्र पाहिल्या आहेत. दुकान या माणसांच्या पोटासाठी काढायचं असेल तर त्याला अर्थ आहे. तिथे नफ्याची भव्य स्वप्नं लागत नाहीत. दोन-तीन पगार निघाले की ते दुकान यशस्वी झालं.

अशा दुकानांची परंपराही आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये १९७१ पासूनची ‘मिसिंग लिंक’ ही काम करणाऱ्यांच्या मालकीची सायकल सहकारी संस्था. स्कॉटलंडमधली ‘एडिनबरा बायसिकल को-ऑपरेटिव्ह’ १९७७ मध्ये दुरुस्तीच्या छोट्या दुकानापासून सुरू झाली, तीही कामगारांच्या मालकीची, आणि पुढे तिनं कितीतरी शहरांत शाखा काढल्या. यांनी कुणा धर्मादाय संस्थेला पोसण्याचं ओझं घेऊन सुरुवात केली नव्हती. जे पाना चालवतात त्यांना त्यातून जगता यावं आणि कारभारात एकाला एक मत असावं, एवढीच अट होती. ती अट त्यांनी पाळली म्हणून त्यांना आपला माल, आपले भाव, आपल्या वेळा स्वतः ठरवता आल्या.

म्हणून माझं म्हणणं असं की दुकान निघालंच तर ते त्या मेकॅनिकांची स्वतंत्र सहकारी संस्था म्हणून निघावं. वेगळी नोंदणी, वेगळं खातं, वेगळे स्टँड. कार्यशाळेनं त्यांना जागेचा एक भाग रीतसर भाड्यानं द्यावा, बाजारभावानं, ओळखीपाळखीत नाही. देणगीच्या सायकली वेगळ्या करण्याच्या टेबलावर दुकानात वाटा असलेलं कुणी बसू नये. दुकानाला देणगीतली सायकल हवी असेल तर कार्यशाळेकडून पैसे मोजून घ्यावी, आणि मुलांच्या वर्गाची निवड झाल्यावरच. संध्याकाळी कार्यशाळा उघडी असताना दुकानाचं शटर खाली असावं. हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण घड्याळ वेगळं ठेवण्याचा याहून साधा उपाय मला सापडलेला नाही.

यावर सभेत हटकून उत्तर येतं: दोन दुबळ्या संस्था करण्यापेक्षा एक धडधाकट संस्था बरी. मला हे पटत नाही. एकच संस्था असली की दुकानाचा तोटा कार्यशाळेच्या पोटात लपतो आणि दोन वर्षं कुणालाही कळत नाही. वेगळी खाती असली की पहिल्या तिमाहीलाच दिसतं. शिवाय आसपासचे सायकलवाले आज आपल्याला मोडक्या सायकली आणून देतात, ज्यांना नव्याचे पैसे परवडत नाहीत अशी माणसं आपल्याकडे पाठवतात. देणगीच्या आणि करसवलतीच्या जोरावर आपण उद्या त्यांच्यासमोरच दुकान थाटलं तर त्यांनी ते का चालू ठेवावं? भाडं भरणारी, कर भरणारी, स्वतःच्या पायावर उभी असलेली मेकॅनिकांची संस्था त्यांच्या नजरेत एक बरोबरीचा व्यावसायिक असेल.

आमच्या सभेत हा विषय पुन्हा यायचा आहे. मांडणाऱ्यांनी जागा पाहून ठेवली आहे, दोन पुरवठादारांशी बोलणंही झालं आहे. मी तिथे सगळ्यात आधी एकच मागणी करणार आहे: चर्चा सुरू करण्याआधी आपल्या दोन्ही मेकॅनिकांना बोलवा. गेले कित्येक महिने आपण त्यांच्या जिवावर दुकान चालवण्याच्या गोष्टी करतो आहोत, आणि तुम्हाला दुकान हवंय का, हे त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही.